आजार एक, कप्पे अनेक : बालरोग परिषदेला गोषवारा पाठवताना कॅटेगरी निवडण्याची कृती

जुन्नर तालुक्यातल्या राजुरीहून आळेफाट्याकडे निघा, नाहीतर बेल्ह्याकडे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कांद्याच्या चाळी, गोठे, उसाचे फड आणि प्लास्टिकचा कागद अंथरलेली शेततळी दिसतात. इथल्या मुलांची दुखणीही या शेतीला धरूनच येतात. पावसाळ्यात सर्पदंश, फवारणीच्या दिवसांत विषबाधा, उन्हाळ्यात शेततळ्यात बुडणे, गळीत हंगामात ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवरची लसीकरण अर्धवट राहिलेली पोरे. या पट्ट्यात दहा-पंधरा वर्षे दवाखाना चालवणाऱ्या बालरोगतज्ज्ञाच्या केसपेपरांत जे साठलेले असते, ते शहरातल्या मोठ्या रुग्णालयात सहसा बघायलाही मिळत नाही.

पण हे परिषदेला पाठवायची वेळ आली की घोळ होतो. गोषवारा रात्री उशिरापर्यंत जागून लिहिलेला असतो. पोर्टल उघडते, कॅटेगरीची भलीमोठी यादी खाली घरंगळते, आणि डॉक्टर ‘कम्युनिटी’ किंवा ‘इतर’ यांवर टिचकी मारून मोकळे होतात. गावाकडचे काम म्हणजे कम्युनिटी, असा एक समज आहेच. कांदा कितीही चांगला असला तरी टोमॅटोच्या लिलावात त्याला कोणी भाव देत नाही. गोषवाऱ्याचेही तसेच होते. काम चांगले असूनही ज्यांना त्यात रस नाही अशा परीक्षकांपुढे ते जाते आणि मधल्यामध्ये अडकते.

या कृतीतला मुख्य नियम एकच आहे: कॅटेगरी आजारावरून ठरत नाही, तुम्ही विचारलेल्या प्रश्नावरून ठरते. आजार एकच असला तरी प्रश्न बदलला की कप्पा बदलतो. बाकीच्या पायऱ्या हा नियम पाळता यावा म्हणून आहेत.

आधी हाताशी काय हवे

१. त्या वर्षीच्या परिषदेचे गोषवाऱ्याचे नियम, छापून घेतलेले. मागच्या वर्षीचे चालत नाहीत.
२. कॅटेगरींची पूर्ण यादी, कागदावर उतरवलेली.
३. तुमच्या अभ्यासाचा तक्ता: किती मुले, कोणते वय, कोणता काळ, काय मोजले.
४. एथिक्स कमिटीचे मंजुरीपत्र.
५. एक सहकारी, शक्यतो वेगळ्या शाखेचा, जो गोषवारा वाचून तोंडावर खरे बोलेल.

वेळेचा अंदाज: गोषवारा तयार असेल तर कॅटेगरीचे काम एका संध्याकाळचे. मात्र ही संध्याकाळ मुदत संपण्याच्या किमान आठवडाभर आधीची असू द्या.

पायरी १ : परिषद कोणती ते ठरवा

इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स, म्हणजे आपली आयएपी, १९६३ मध्ये स्थापन झाली. तिची राष्ट्रीय परिषद म्हणजे पेडिकॉन. ती दरवर्षी वेगळ्या शहरात भरते: २०२३ मध्ये गांधीनगर, २०२४ मध्ये कोची, २०२५ मध्ये हैदराबाद. राज्याची परिषद महापेडिकॉन. नवजात बाळांवर काम करणाऱ्यांची नॅशनल निओनेटॉलॉजी फोरम १९८० पासून आहे आणि तिची परिषद निओकॉन. याखेरीज अतिदक्षता, मेंदूविकार, संसर्गजन्य आजार, श्वसनविकार अशा उपशाखांच्या स्वतंत्र परिषदा होतात.

परिषद निवडली की अर्धी कॅटेगरी निवडून झालीच. निओकॉनमध्ये ‘नवजात’ ही कॅटेगरी नसते, कारण सगळेच नवजात. तिथले कप्पे श्वसन, पोषण, संसर्ग, पाठपुरावा असे आणखी बारीक असतात. पेडिकॉनसारख्या सर्वसाधारण परिषदेत नवजातशास्त्र हा एकच मोठा कप्पा असतो आणि त्यात गर्दीही भरपूर. पहिल्यांदाच पाठवत असाल तर राज्य परिषदेपासून सुरुवात करा. ऐकणारे आपल्याच भागातले असतात आणि पुण्या-नाशिकचे परीक्षक ‘उपकेंद्र’, ‘आशाताई’, ‘कोपी’ हे शब्द समजावून न सांगता समजून घेतात.

पायरी २ : चार वेगवेगळे कप्पे ओळखा

पोर्टलवर ‘कॅटेगरी’ या एकाच नावाखाली बऱ्याचदा चार निरनिराळ्या गोष्टी विचारलेल्या असतात. त्यांची सरमिसळ झाली की पुढचे सगळे चुकते. कागदावर चार रकाने आखा.

*सादरकर्ता कोण:* पीजी विद्यार्थी, अध्यापक, की खासगी व्यावसायिक.

*काम कोणत्या प्रकारचे:* मूळ संशोधन, केस रिपोर्ट किंवा केस सीरीज, गुणवत्ता सुधारणा, संशोधनांचा पद्धतशीर आढावा.

*विषय कोणता:* नवजात, संसर्ग, पोषण, मूत्रपिंड, हृदय, मेंदू, अतिदक्षता, लसीकरण, विकास व वर्तन, किशोरवय, सामाजिक बालरोगशास्त्र वगैरे.

*सादरीकरण कसे:* तोंडी पेपर, पोस्टर, की पारितोषिकासाठीचा पेपर.

पहिला रकाना भरताना गडबड नको. थीसिसचे काम असेल आणि विद्यार्थी स्वतः सादर करणार असेल तर तो पीजी गटातच पाठवा. गाईडच्या नावाने अध्यापक गटात पाठवले तर विद्यार्थ्याची संधी जाते आणि नियमही मोडू शकतो. राजुरी-नारायणगाव पट्ट्यातल्या खासगी डॉक्टरांसाठी काही परिषदांत व्यावसायिकांचा वेगळा गट असतो. असा गट असेल तर तो सोडू नका.

पायरी ३ : प्रश्न एका वाक्यात लिहा, मराठीत

परिषदेचा गोषवारा इंग्रजीत जाणार, हे खरे. पण प्रश्न आधी मराठीत लिहा. इंग्रजीत ‘अ स्टडी ऑफ’ असे सुरू केले की प्रश्न नसला तरी वाक्य पूर्ण होते. मराठीत प्रश्नचिन्ह द्यावेच लागते.

वाक्याचा साचा असा: *कोणत्या मुलांमध्ये, काय केल्याने किंवा काय असल्याने, कशात फरक पडतो?* नुसते मोजले असेल तर: *कोणत्या मुलांमध्ये, काय, किती प्रमाणात आढळते?*

‘आमच्याकडे आलेले सर्पदंशाचे रुग्ण’ हा प्रश्न नव्हे. ते रजिस्टर झाले. ‘मण्यार चावलेल्या मुलांना प्रतिविष मिळायला उशीर कुठे होतो?’ हा प्रश्न. साच्यात बसेल असे वाक्य होत नसेल तर कॅटेगरीपर्यंत जाऊच नका. अडचण कॅटेगरीची नाही, अभ्यासाची आहे.

पायरी ४ : कामाचा प्रकार प्रामाणिकपणे लिहा

एक किंवा दोन रुग्ण असतील तर केस रिपोर्ट, चार-सहा असतील तर केस सीरीज. यात कमीपणा काहीच नाही. कमीपणा येतो तो सहा रुग्णांना ‘मूळ संशोधन’ म्हणून टक्केवारी लावण्यात. सहापैकी दोन म्हणजे ३३ टक्के असे लिहिले की परीक्षक तिथेच गुण कापतो.

जुन्या केसपेपरांवरून केलेला अभ्यास मूळ संशोधनातच मोडतो. फक्त पद्धतीच्या भागात तो मागे वळून केलेला आहे हे स्पष्ट लिहा. वॉर्डात एक बदल केला, आधी आणि नंतर मोजले, मधे सुधारणा करत गेलात, तर ती गुणवत्ता सुधारणा. या कप्प्याकडे गावाकडच्या डॉक्टरांचे फारसे लक्ष जात नाही, पण छोट्या रुग्णालयांना तो फार सोयीचा आहे. रुग्णसंख्या थोडी असली तरी चालते, बदल मात्र खरा हवा.

कामाचा प्रकार ठरला की लिहिण्याची पद्धतही ठरते. निरीक्षणात्मक अभ्यासाला स्ट्रोब, यादृच्छिक चाचणीला कन्सॉर्ट, केस रिपोर्टला केअर, गुणवत्ता सुधारणेला स्क्वायर, पद्धतशीर आढाव्याला प्रिझ्मा. प्रत्येकाची तपासयादी आहे. आपला गोषवारा त्या यादीवर ताडून पाहा. कोणत्याच यादीशी जुळला नाही तर प्रकार चुकला आहे असे समजा.

पायरी ५ : विषयाचा कप्पा निवडा

आता मुख्य काम. एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू.

समजा राजुरीजवळच्या एका बालरुग्णालयात पाच वर्षांतल्या सर्पदंश झालेल्या मुलांच्या नोंदी आहेत. या तालुक्यात सर्पदंश हा किरकोळ विषय नाही, नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांचे नावच या कामाशी जोडले गेले आहे. आपल्याकडचे बहुतेक विषारी दंश चार सापांचे: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. त्या चौघांवर मिळून एकच प्रतिविष. मुलाला प्रौढाएवढीच मात्रा द्यावी लागते, कारण साप मुलाचे वजन बघून विष सोडत नाही. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. सूज फारशी नसते, पोट दुखते, पापण्या जड होतात आणि मग श्वास थांबतो. घोणसेच्या दंशात रक्त गोठत नाही, मूत्रपिंडावर घाव पडतो.

नोंदी त्याच. आता प्रश्न बदलत जा आणि कप्पा कसा हलतो ते बघा.

– मण्यार चावलेल्या मुलांना किती तास कृत्रिम श्वास लागला, कोणत्या लक्षणांवरून तो लागणार हे आधी कळते? *कप्पा: अतिदक्षता.*

– घोणस चावलेल्या किती मुलांच्या मूत्रपिंडावर परिणाम झाला, किती जणांना डायलिसिस लागले? *कप्पा: मूत्रपिंडविकार.*

– चावल्यापासून प्रतिविष मिळेपर्यंत किती वेळ गेला, त्यातला किती मांत्रिकाकडे, किती गाडी मिळण्यात, किती एका रुग्णालयातून दुसऱ्याकडे पाठवण्यात? *कप्पा: सामाजिक बालरोगशास्त्र.*

– प्रतिविष दिल्यावर किती मुलांना रिअ‍ॅक्शन आली, काय दिल्याने ती कमी झाली? *कप्पा: औषधशास्त्र किंवा औषधसुरक्षा, तो नसेल तर तातडीची सेवा.*

– तातडीच्या खोलीत भिंतीवर तपासयादी लावली, काचेच्या कोरड्या नळीतली वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी सगळ्यांना सक्तीची केली. पहिली मात्रा देण्याचा वेळ घटला का? *कप्पा: गुणवत्ता सुधारणा.*

– दंशाची खूण नाही, ताप नाही, सकाळी उठता येईना म्हणून आलेले मूल, आणि शेवटी निदान मण्यारदंश. *प्रकार: केस रिपोर्ट, विषय: मेंदूविकार किंवा तातडीची सेवा.*

सहाही प्रश्नांतला आजार ‘सर्पदंश’ हाच आहे. सहाही वेळा तोच धरून ‘कीटक व प्राणिदंश’ किंवा ‘इतर’ निवडले असते तर मूत्रपिंडतज्ज्ञाला विचारायचा प्रश्न भलत्याच माणसापुढे गेला असता.

आता परीक्षकाच्या बाजूने बघा. मूत्रपिंडाच्या कप्प्यातला परीक्षक पहिले विचारेल: क्रिएटिनिन कधी कधी मोजले? सामाजिक कप्प्यातला विचारेल: वेळेची माहिती कोणाला विचारून घेतली, आईला की सोबत आलेल्या शेजाऱ्याला? तुमच्याकडे ज्या प्रश्नाचे पक्के उत्तर आहे, तो कप्पा तुमचा. क्रिएटिनिन एकदाच मोजले असेल तर मूत्रपिंडाच्या कप्प्यात जाऊ नका. आकडे कितीही चित्तथरारक असले तरी तिथे टिकाव लागणार नाही.

अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सच्या राष्ट्रीय परिषदेत तर गोषवारा थेट उपशाखांच्या विभागांकडेच पाठवायचा असतो. तातडीच्या सेवेचा विभाग वेगळा, रुग्णालयीन बालसेवेचा वेगळा. तिथे कप्पा निवडणे म्हणजे वाचणारी माणसे निवडणे, हे उघडच दिसते. आपल्याकडे ते तितके उघड दिसत नाही, पण होते तेच.

पायरी ६ : दोन कप्प्यांत जीव अडकला तर

हे हमखास होते. त्यासाठी तीन कसोट्या, याच क्रमाने.

*पहिली कसोटी, निष्कर्षाची.* गोषवाऱ्याचे शेवटचे वाक्य वाचा. ते वाचून कोणत्या शाखेचा डॉक्टर आपले काम उद्यापासून बदलेल? तो कप्पा.

महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचे विंचूदंशावरचे काम सर्वांना माहीत आहे. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी लिहिले ते विंचूदंशाच्या हृदयावरील परिणामांवर प्राझोसिन वापरण्याबद्दल. २०११ मध्ये ‘बीएमजे’मध्ये आले ते प्राझोसिनसोबत विंचवाचे प्रतिविष दिल्याने रुग्ण लवकर सुधारतो का, या यादृच्छिक चाचणीबद्दल. डंख एकच, डॉक्टर तेच. पण परिषदेसाठी कप्पा निवडायचा झाला तर पहिले काम हृदयविकाराच्या कप्प्यात शोभते आणि दुसरे तातडीच्या सेवेत, कारण ‘आता रुग्ण आला, काय द्यायचे?’ याचे उत्तर दुसऱ्यात आहे.

*दुसरी कसोटी, वयाची.* अभ्यासातली सगळी बाळे २८ दिवसांच्या आतली असतील तर नवजातशास्त्राचा हक्क पहिला, असा सर्वसाधारण रिवाज. पण तो डोळे झाकून पाळू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवतींचा अभ्यास केला. त्यातून दिसले की आपली बाळे जन्मतः इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने कमी, पण त्या मानाने अंगावर चरबी जास्त. मोजमाप नवजात बाळांचे, पण प्रश्न पुढच्या मधुमेहाचा. असे काम पोषण किंवा अंतःस्रावशास्त्राच्या कप्प्यात ठेवले तर त्यावर खरी चर्चा होते.

*तिसरी कसोटी, जागेची.* काम रुग्णालयात झाले की गावात, यावरून कप्पा ठरवायची वेळ सर्वांत शेवटी येते, पहिल्यांदा नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्या बाईला शिकवून घरातच नवजात बाळाची काळजी आणि जंतुदोषावर उपचार सुरू केले. ३९ गावांत ही सेवा, ४७ गावे तुलनेला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला: नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट. काम गावात झाले म्हणून ते आपोआप ‘कम्युनिटी’ होत नाही. बाळे वाचली का, हे सांगायचे असेल तर नवजातशास्त्र. बाईला किती दिवसांत काय शिकवले, देखरेख कशी ठेवली, हे सांगायचे असेल तर सामाजिक बालरोगशास्त्र. एकाच कामातून दोन स्वतंत्र गोषवारे निघू शकतात, पण दोन खरे प्रश्न असतील तरच.

तिन्ही कसोट्यांनंतरही बरोबरी राहिली तर ज्या कप्प्यात तुमच्या कामासारखे काम क्वचित येते तो घ्या. आणि पोर्टल दुय्यम कॅटेगरी विचारत असेल तर दुसरा कप्पा तिथे लिहा. तो रकाना रिकामा सोडू नका.

‘इतर’ हा कप्पा खरोखर कुठेच न बसणाऱ्या कामासाठी आहे. तिथे टाकण्याआधी आयोजकांना ईमेल करून विचारा. उत्तर बहुतेक वेळा येते.

पायरी ७ : तोंडी, पोस्टर की पारितोषिक

आकड्यांत एकच ठळक निकाल असेल आणि तो सहा-सात मिनिटांत सांगता येत असेल तर तोंडी. फोटो, एक्स-रे, नकाशा, वेळेचा आलेख अशा बघायच्या गोष्टी असतील तर पोस्टर. केस रिपोर्ट बहुधा पोस्टरमध्येच जातात.

‘दोन्हीपैकी कोणतेही’ असा पर्याय असेल तर तोच निवडा. ‘फक्त तोंडी’ लिहिलेत आणि तोंडी सत्रात जागा उरली नाही, तर गोषवारा पोस्टरलाही जात नाही.

पारितोषिकाच्या सत्रांचे नियम वेगळे: वयाची अट, सदस्यत्वाची अट, काम याआधी कुठे सादर किंवा प्रसिद्ध झालेले नसावे ही अट, कधी पूर्ण लेखही मागतात. या अटी एकेक करून टिकमार्क करत तपासा. अट मोडली तर गोषवारा साध्या सत्रात ढकलला जाईल असे गृहीत धरू नका; तो थेट बादही होऊ शकतो.

पायरी ८ : शीर्षक आणि मजकूर कप्प्याशी जुळवा

कप्पा निवडल्यावर गोषवारा पुन्हा एकदा लिहायचा असतो. ही पायरी बहुतेक जण गाळतात. शीर्षक कसे बदलते ते पाहा.

आधीचे: ‘ग्रामीण भागातील मुलांमधील सर्पदंश : एक अभ्यास’.

सामाजिक कप्प्यासाठी: ‘सर्पदंश झालेल्या मुलांना प्रतिविष मिळण्यातला विलंब आणि त्याची कारणे : ग्रामीण रुग्णालयातील पाच वर्षांच्या नोंदी’.

अतिदक्षतेसाठी: ‘मण्यारदंशानंतर मुलांना कृत्रिम श्वासाची गरज सुचवणारी सुरुवातीची लक्षणे’.

पहिल्या शीर्षकावरून परीक्षकाला काहीच कळत नाही. पुढच्या दोन्हींत प्रश्नही आहे आणि कप्पाही दिसतो. मग पार्श्वभूमीची दोन वाक्ये त्या कप्प्याच्या भाषेत आणा, मुख्य निकाल पहिल्या ओळीत घ्या आणि जे त्या प्रश्नाशी संबंधित नाही ते काढा. शब्दमर्यादा बहुधा अडीचशे ते तीनशे शब्दांची. कोणत्या महिन्यात किती दंश झाले हे सांगत बसलात तर मुख्य निकालाला जागाच उरत नाही.

परीक्षण नाव झाकून होणार असेल तर मजकुरात रुग्णालयाचे किंवा गावाचे नाव नको. ‘राजुरी’ लिहिले की जुन्नर तालुक्यातले डॉक्टर तुम्हाला लगेच ओळखतील. ‘पश्चिम महाराष्ट्रातील ग्रामीण रुग्णालय’ एवढे पुरे. छोट्या गावात रुग्णही ओळखू येतो. ‘अमुक वस्तीवरचा सात वर्षांचा मुलगा, यात्रेच्या रात्री चावला’ एवढ्यावरून अख्ख्या गावाला घर कळते. वस्ती, तारीख आणि यात्रा तिन्ही काढा.

पायरी ९ : मंजुरीचे कागद

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ मध्ये संशोधनाची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि त्याच वर्षी मुलांवरील संशोधनासाठी स्वतंत्र तत्त्वेही. पालकांची संमती लागतेच. त्याशिवाय सात वर्षांवरच्या मुलाचा तोंडी आणि बारा वर्षांवरच्या मुलाचा लेखी होकार घ्यायचा असतो. जुन्या केसपेपरांच्या अभ्यासाला संमतीतून सूट मिळू शकते, पण ती सूट समिती देते, आपण नाही. काम झाल्यावर मागील तारखेची मंजुरी मिळत नाही. स्वतःची एथिक्स कमिटी नसलेल्या डॉक्टरने काम सुरू करण्याआधीच जवळच्या मान्यताप्राप्त समितीकडे जावे.

औषधाची किंवा उपचाराची चाचणी असेल तर भारतीय क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीतला नोंदणी क्रमांक हवा. ही रजिस्ट्री २००७ मध्ये सुरू झाली. पहिला रुग्ण घेण्याआधीची नोंदणीच धरली जाते. केस रिपोर्टला पालकांची लेखी परवानगी घ्या, फोटो असेल तर फोटोसाठी वेगळी.

कप्प्याचा इथेही संबंध आहे. गुणवत्ता सुधारणेला मंजुरी लागत नाही असा समज करून घेऊन काही जण संशोधनच त्या कप्प्यात सरकवतात. काय संशोधन आणि काय सुधारणा हे समितीला ठरवू द्या आणि तिचे पत्र जोडा.

पायरी १० : पाठवा आणि नोंद ठेवा

पाठवण्याआधी सहकाऱ्याला फक्त शीर्षक आणि निष्कर्ष वाचायला द्या. कप्पा सांगू नका. त्याने सांगितलेला कप्पा तुमच्याशी जुळला तर पाठवा. नाही जुळला तर पायरी ३ वर परत या.

मग हे तपासा: लेखकांची नावे आणि क्रम सर्वांना मान्य आहेत का, सादरकर्ता एकच आहे का, त्याने परिषदेची नोंदणी कोणत्या तारखेपर्यंत करायची आहे. सादरकर्त्याने पैसे भरले नाहीत म्हणून स्वीकारलेला गोषवाराही यादीतून जातो. एकच गोषवारा दोन कप्प्यांत पाठवू नका. पकडला गेला तर दोन्ही बाद. शेवटचे बटण दाबण्याआधी पानाचा फोटो काढा, दाबल्यावर आलेला क्रमांक आणि पीडीएफ जपून ठेवा. शेवटच्या रात्री पोर्टल रेंगाळते आणि राजुरीत पावसाळ्यात वीजही जाते, म्हणून किमान दोन दिवस आधी मोकळे व्हा.

निकाल आल्यावर

आयोजकांनी कप्पा बदलून घेतला असेल तर वाद घालू नका, पण सादरीकरण नव्या कप्प्याच्या श्रोत्यांसाठी नव्याने बांधा. नाकारला गेला असेल आणि शेरे मिळाले असतील तर ते दोन ढिगांत वाटा: कामातली उणीव दाखवणारे आणि ‘या विभागाशी संबंध नाही’ असे सांगणारे. दुसऱ्या प्रकारचे शेरे जास्त असतील तर काम तसेच ठेवा, प्रश्न धारदार करा आणि पुढच्या परिषदेला दुसऱ्या कप्प्यात पाठवा.

जुन्नर-आंबेगावच्या डॉक्टरांना एक विनंती. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतले आणि २०२४ मध्ये केंद्र सरकारने मृत्यू निम्म्यावर आणण्याचा कार्यक्रम २०३० चे लक्ष्य ठेवून आखला. त्याला लागणारी माहिती महानगरांतल्या अतिदक्षता विभागांत नाही, ती आळेफाटा, बेल्हे, ओतूर, नारायणगाव, मंचरच्या केसपेपरांत आहे. या पावसाळ्यात प्रत्येक सर्पदंशाच्या केसपेपरावर तीन वेळांची नोंद करा: चावल्याची, रुग्णालयात पोचल्याची, पहिली मात्रा सुरू केल्याची. या तीन नोंदी असल्या तर पुढच्या वर्षी कप्पा निवडणे अवघड जाणार नाही.